अंधेरीच्या स्लिपवरची सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही, आणि आईला तर नाहीच. एकदम मुद्द्यावर यायला गेलो तर जीभ अडखळेल, म्हणून जरा आडवळणाने येतो. कंटाळू नका.

तुम्ही मला ओळखता ते फसवला गेलेला माणूस म्हणून. हो ना? ‘विलासला त्याच्या जिवलग मित्राने दगा दिला’ — ही गोष्ट मी किती जणांना ऐकवली असेल, देव जाणे. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, एकदा तर दाढी करता करता न्हाव्यालासुद्धा. सांगताना आवाज भरून यायचा माझा. नाटक नव्हतं हां ते — खरंच भरून यायचा. माणूस स्वतःच्याच थापेवर खरंखुरं रडू शकतो का? शकतो. मी रडलोय.

नव्वदीचं दशक निम्मं उलटलं होतं. आम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. लोक आम्हाला इंजिनिअर म्हणायचे — कसले इंजिनिअर आणि कसलं काय! सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स, पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि कमरेला पेजर. भाईंदर पूर्वेला एका गाळ्याच्या माळ्यावर एजन्सी होती. कंपन्या आणि घरगुती गिऱ्हाईकं तिथे फोन करायची, एजन्सी आम्हाला पाठवायची. पगार-बिगार काही नाही. कॉल मिळाला तर त्या कॉलचे चार पैसे, नाही मिळाला तर घरी बसा. आणि एखादा कॉल चुकवलात, तर आठवडाभर पेजर वाजायचाच नाही. साहेब तोंडाने कधी रागवायचे नाहीत. पेजर गप्प बसवायचे.

प्रत्येक कॉलची एक स्लिप असायची. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, आमचं नाव, आमची सही, आणि काम झाल्याची गिऱ्हाइकाची सही. स्लिप म्हणजे सगळं. साहेब आमची तोंडं बघायचे नाहीत, स्लिपा बघायचे.

आता हरेश्वर. खारीगावातला. आजोबांची मिठागरं होती, आणि हा नातू सर्किट बोर्डाला नाक लावून बसायचा. मला जे काही येतं ना, ते त्याने शिकवलेलं. कोर्समध्ये काय, फी भरून घेतली आणि सर्टिफिकेट दिलं. बंद पडलेलं मशीन कानाने कसं ऐकायचं ते हऱ्याने दाखवलं. आम्ही जालन्याकडची माणसं, बाबा गेलेले, भाईंदरच्या एका खोलीत आई आणि मी. हऱ्या आठवड्यातून तीनदा तरी आमच्याकडे जेवायचा. आईच्या हातचा ठेचा खाऊन घाम पुसत म्हणायचा, ‘मावशी, जाल हाय का जेवन हाय!’ आई हसून हसून बेजार व्हायची.

आमची एक पद्धत होती. सगळ्याच पोरांची होती, पण साहेबांना पत्ता नव्हता. कॉल उलटसुलट लागायचे — माझा लांबचा आणि त्याचा घराजवळचा, किंवा एकाला नेमकं काही काम निघालेलं. मग अदलाबदल करायची. त्याच्या कॉलवर मी जायचं, माझ्यावर त्याने. स्लिपवर नाव मूळ माणसाचं आणि सहीसुद्धा त्याचीच मारायची. चहाच्या टपरीवर बसून आम्ही एकमेकांच्या सह्या गिरवल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या दारातही नाव दुसऱ्याचंच सांगायचं, म्हणजे फोन आला तरी घोळ नको. विश्वासाचा मामला होता. विश्वास — बघा, शब्द किती सहज लिहिला मी.

त्या महिन्यात एजन्सीकडून एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात एक माणूस बसवायचा होता. रोज एकच जागा, महिन्याचे ठरलेले पैसे, वणवण बंद. नावं दोनच होती, हरेश्वर आणि मी. खरं सांगायचं तर नाव एकच होतं. तो माझ्यापेक्षा उजवा होता हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, पेजरवर निरोप पाठवणाऱ्या मुलीलाही माहीत होतं. आणि त्याला त्या जागेची गरज होती. नायगावच्या एका मुलीशी त्याचं जमत आलं होतं, पण तिचा बाप विचारायचा, ‘मुलाला नोकरी आहे का नुसतंच पेजर?’

त्याच सुमारास आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. नेमका त्याच दिवशी मला अंधेरीचा कॉल. हऱ्याला पूनम सागर सोसायटीतला, म्हणजे हॉस्पिटलपासून अर्ध्या तासावर. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, ‘तू मावशीजवळ थांब. अंधेरी मी बघतो. पूनम सागर दुपारी तासाभरात उरकून टाक. हाय काय न् न्हाय काय!’ आणि माझी स्लिप घेऊन गेलासुद्धा.

पूनम सागरमध्ये सावंतबाई होत्या. घरीच मराठी टायपिंगची, पानं लावायची कामं करायच्या. एका प्रकाशकाचं सातवीचं गाइड चार महिने खपून त्यांनी त्या मशीनवर केलं होतं. डिस्क भरत आली म्हणून दुसरी नवी जोडायची होती. दारात मी सांगितलं, ‘मी हरेश्वर म्हात्रे.’ त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली.

हे जरा समजून घ्या, अवघड नाही. जुन्या डिस्कचे दोन कप्पे होते, सी आणि डी. बाईंचं सगळं काम डीमध्ये. नवी डिस्क लावली की ती सगळ्यांच्या मागे जाऊन ई होणार, असं कुणालाही वाटेल. पण मशीन तसं मोजत नाही. नवी डिस्क मध्ये घुसते, ती डी होते, आणि जुना डी मागे सरकून ई होतो. पुसायच्या आधी आत काय आहे ते बघायचं — हऱ्याने मला हे दहादा बजावलं होतं. मी बघितलं नाही. ई कोरी करायला लावली. मशीनने विचारलंसुद्धा, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. एवढ्यावर भागलं असतं तर काहीतरी परत मिळालं असतं. मी त्यावर बाकीच्या फाइली कॉपी करून मोकळा झालो.

घाईत होतो म्हणू? नव्हतो. आईपाशी तिची बहीण येऊन बसलेली होती, ऑपरेशन नीट पार पडलं होतं. मला वाटलं, मला येतंय सगळं. बस्स.

मग कळलं. बाईंचं सगळं काम मी पुसून टाकलं होतं. बाई आत चहा टाकत होत्या. मी काय करावं? मशीन बंद केलं आणि म्हणालो, ‘मॅडम, नवी डिस्क आहे, आज थंड होऊ द्या. उद्या सकाळीच चालू करा.’ डिस्क थंड होऊ द्या! त्यांना काय कळणार बिचाऱ्यांना? त्यांनी काम समाधानकारक म्हणून सही केली, वर चहा पाजला. आणि तो मी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजन्सीखालच्या टपरीवर हऱ्या भेटला. आधी आईची चौकशी केली — जेवली का, टाके दुखतात का. मग माझी अंधेरीची स्लिप दिली. खाली सही माझ्या नावाची, त्याने मारलेली. अगदी हुबेहूब. मी पूनम सागरची त्याला दिली. ‘काय त्रास?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘छे, काही नाही.’ तिथे सांगता आलं असतं. चहाचा ग्लास संपेपर्यंत वेळ होता. त्याने शिव्या घातल्या असत्या आणि माझ्याबरोबर बाईंच्या घरी येऊन काहीतरी खटपट केली असती. मला हे तेव्हाही माहीत होतं.

वर गेलो तर साहेबांनी दोघांनाही आत बोलावलं. बाईंचा फोन येऊन गेला होता. रडत होत्या म्हणे. ‘म्हात्रे नावाचा माणूस आला होता,’ एवढं त्यांनी स्वच्छ सांगितलेलं. साहेबांनी हऱ्याच्या हातातली स्लिप घेतली, टेबलावर ठेवली. ‘ये साइन किसका है?’

हरेश्वर म्हणाला, ‘साहेब, आमची चूक झाली, आम्ही कॉल बदललेले. मी अंधेरीला होतो. विलासला विचारा.’

आणि माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे मला विसरता येत नाही. थोडा वैतागला होता माझ्यावर, पोराने काहीतरी सांडून ठेवल्यावर वैतागतात तेवढाच. अदलाबदल कबूल केली म्हणजे आपल्या दोघांवरही बोट येणार हे त्याला ठाऊक होतं. ते त्याने निम्मं निम्मं वाटून घेतलं होतं. त्याच्या लेखी विषय संपला होता, कारण आता मी बोलणार होतो.

मी बोललो. ‘नाही साहेब. अंधेरीला मीच गेलो होतो. ही बघा स्लिप.’

खिशातून काढून दिली. माझं नाव, माझी सही, गिऱ्हाइकाची सही. माझ्या आईपाशी मला थांबता यावं म्हणून त्याने उपकार म्हणून मारलेली सही — तीच मी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून टेबलावर ठेवली. साहेबांनी अंधेरीला फोन लावला. तिकडून म्हणाले, ‘हो, विलास म्हणूनच आले होते.’ बरोबरच होतं. शिरस्ताच होता तो आमचा.

घाबरलो होतो का? होतो. पण नुसता घाबरलो नव्हतो, हे आज लिहितो. स्लिप खिशातून काढेपर्यंत माझ्या डोक्यात त्या कंपनीच्या ऑफिसातली खुर्ची येऊन गेली होती.

हऱ्याने पेजर काढून टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेला. जागा मला मिळाली. सहा महिन्यांनी कंपनीने एजन्सीच बदलली आणि मला एका ओळीच्या पत्राने घरी पाठवलं. तेव्हा मी किती चडफडलो! आपल्याला कसं वापरून फेकतात, म्हणून पोरांना जमवून भाषणं दिली मी. मी! नायगावचं जमलेलं मोडलं. हऱ्याने कॉम्प्युटर सोडले आणि खारीत मिक्सर-पंखे दुरुस्त करायला बसला. सावंतबाईंनी पुढे काय केलं, मला माहीत नाही. मी कधी विचारायला गेलो नाही.

आता राहिलं ते सांगतो. एवढा वेळ त्याच्याभोवतीच फिरतोय मी.

आई घरी आल्यावर विचारायला लागली, ‘हरी का येईना रं?’ एकदा, दोनदा, रोज. शेवटी मी सांगितलं की त्याने स्वतःची चूक माझ्या अंगावर ढकलायला बघितली. सांगता सांगता रडलो. आईने पदराने माझं तोंड पुसलं. त्या दिवसापासून तिने त्याचं नाव टाकलं.

पुढे वर्षभराने, मी आणि आई भाजी घ्यायला गेलो होतो. समोरून हऱ्या आला. आईने त्याला अडवलं. भर बाजारात, सगळ्यांदेखत. ‘माझ्या हातचं जेवलास, अन् माझ्याच लेकराच्या ताटात माती कालवलीस? मी तुला दुसरा लेक म्हनत होते रं!’

हरेश्वरने एकदा माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या पिशवीकडे बघत होतो. तो दोन शब्द बोलला असता तर आईने त्याच्यावर विश्वास ठेवला असता — डोळ्यांत बघून माणूस ओळखायची ती. ओरडून तिला धाप लागली होती. त्याने तिला आधी बाजूच्या ओट्यावर बसवलं. मग वाकून तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, ‘चुकलं मावशी. माफ कर.’

आणि गेला.

आई पुढे नऊ वर्षं जगली. त्या दिवशी घरी येताना तिला फार बरं वाटत होतं. वाटेत थांबून मला म्हणाली, ‘बघितलंस? शेवटी कबूल केलं का न्हाई त्यानं?’

मी म्हणालो, ‘हो आई. केलं.’