मारुतीच्या नऊ खुंट्या

धूर मी काढला होता. नाव मारुतीचं पडलं.

वीस-बावीस वर्षं मी गप्प बसलो. आज त्याचा दहावा झाला.

तो गेला त्या दिवशी आमच्या जुन्या गल्लीच्या ग्रुपवर पाच-सहा जणांनी लिहिलं, "आपला धूर गेला रे." खाली हात जोडलेले इमोजी.
मी पण जोडले. निर्लज्जासारखे.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मारुती निघोज्याचा, आयटीआय फिटर. मी तळेगावचा, डिप्लोमावाला. दोघं एकाच कंपनीत नवीन लागलो, आणि दापोडीत एका खोलीत राहायचो.

कंपनीच्या ऑफिसनं एक बंद कॉम्प्युटर भंगारात काढला. मारुती तो साहेबांकडून मागून घेऊन आला.

"तुला काय कळतं रे त्यातलं?" मी.

"मशीन हाय ना? मग स्क्रू असणार. स्क्रू हाय म्हंजी खोलता येतंय."

झालं. एवढ्यावर आमचं कॉम्प्युटर शिक्षण सुरू झालं. क्लास नाही, पुस्तक नाही.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. खाली पेपर अंथरायचा, स्क्रू आमटीच्या वाटीत ठेवायचे. रॅमचे पाय शाळेतल्या खोडरबरनं घासायचे.

तिसऱ्या गुरुवारी स्क्रीनवर अक्षरं उमटली. मारुतीनं मॉनिटरला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. मी हसलो होतो, पण माझ्याही अंगावर काटा आला होता राव.

मग वेडच लागलं. पुण्यात जाऊन जुने पार्ट शोधायचे, जोडायचे, परत खोलायचे. गल्लीत कुणाला पीसी हवा असला की मारुतीला हाक. तो आनंदानं जोडून द्यायचा.

त्याचा एक नियम होता. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली छोट्या पितळी खुंट्या लावतात. टेकला की शॉर्ट. मारुती त्या खुंट्या मोठ्यानं मोजायचा. एक, दोन, तीन... नऊ. मगच बोर्डाला हात.

"मंत्र म्हणतोयस का रे?" मी चिडवायचो.

"तू बी म्हण. घाई लई हाय तुला."

होतीच घाई. ती नडली.

गल्लीतल्या अभ्यासिकेसाठी आम्ही एक पीसी जोडत होतो. दसऱ्याला पूजा करून चालू करायचा, आणि तिथं पोरांचा कॉम्प्युटर क्लास मारुतीनं घ्यायचा, असं ठरलं होतं. आठवडाभर तो वहीत काढून बसला होता, पहिल्या दिवशी काय शिकवायचं ते.

दसऱ्याच्या सकाळी तो झेंडूचं तोरण बांधायला बाहेर गेला. मला म्हणाला, "विज्या, बोर्ड तेवढा बसव."

मी बसवला. मागची वायरी लावायची पोर्टं कॅबिनेटच्या खाचेत नीट जुळत नव्हती. तिथंच थांबायला हवं होतं. मी दाबून बसवली, स्क्रू आवळले, झाकण लावलं.

हळदकुंकू झालं, नारळ फुटला. बटण दाबायचा मान मारुतीचा.

धूर आला. आधी सगळ्यांना वाटलं, उदबत्तीचा आहे. एक काका तर धुराला नमस्कार करून मोकळे झाले. मग जळका वास सुटला आणि अख्खी अभ्यासिका हसायला लागली.

"मारुतराव, यज्ञ केलात की काय?"

मारुतीनं झाकण काढलं. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी खाली बघत होतो.

"माझ्याकडनं राहिलं," तो म्हणाला.

एवढंच. त्या दिवसापासून तो 'धूर'. क्लास माझ्याकडे आला. "विजय शिकलेला आहे, तो घेईल," असं ठरलं आणि मी घेतला. त्याच क्लासचा अनुभव बायोडेटात लिहून मला आयटीत पहिली नोकरी लागली.

चार दिवसांनी माझ्याच पँटच्या खिशात खुंट्यांची पुडी सापडली होती. न उघडलेली. मी ती नाल्यात टाकली.

मारुतीनं गल्लीत परत कधी कुणाचा पीसी जोडला नाही. चाकणला दुसरी कंपनी, तीन शिफ्ट, गावातलं घर. कुणाच्या लग्नात भेटलो की मीच मोठ्यानं हाक मारायचो, "काय धूर, कसं काय?" तो हसायचा. राव, तो हसायचा.

आज दहाव्याला निघोज्याला गेलो. त्याची मुलगी श्रावणी इंजिनिअरिंगला आहे. तिनं पप्पांबरोबर जोडलेला पीसी दाखवला. आत एकही वायर लोंबत नव्हती.

"काका, पप्पा खुंट्या मोठ्यानं मोजायला लावायचे. म्हणायचे, माझा एक लई हुशार मित्र एकदा हे विसरला होता."

"कोण मित्र?" मी विचारलं.

"नाव नाही सांगितलं कधी. मी खूपदा विचारलं. म्हणायचे, जाऊ दे, त्याला बी तवा पोटापाण्याची घाई होती."

तिथंही मी बोललो नाही. चहा पिऊन उठलो. बघा, किती कोडगा माणूस आहे मी.

म्हणून आता इथं लिहितोय, सगळ्यांसमोर. श्रावणी, तो मित्र मी. हुशार नाही, पळपुटा.

ग्रुपवाल्यांनो, 'धूर' हे नाव मारुतीचं काढा. कुणाला म्हणायचंच असेल तर मला म्हणा, मी ओ देईन.

मारुती, तू बाहेर तोरण बांधत होतास आणि मी एकही खुंटी मोजली नव्हती.

माफ कर भावा. जा आता निवांत.