परत येणाऱ्या करंड्या

कपिलधारच्या डोंगरातली सीताफळं चौसाळ्याच्या अड्ड्यावर यायची आणि तिथून ट्रकनं हैदराबादला जायची. करंड्या भरायचं काम छबुबाईकडं होतं. नवरा गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. हंगामाचे दोन महिने मात्र तिला दूरच्या बातम्या कळायच्या, त्या रिकाम्या करंड्यांमधून.

चार दिवसांनी ट्रक परतला की लाल चिंधी बांधलेल्या आपल्या करंड्या ती वेगळ्या काढायची. शाळेतून आलेल्या लेकराचा डबा आई जशी उघडून बघते, तशी एकेक न्याहाळायची. तळाचा पाला चिकटला असेल, तर फळं जास्त पिकलेली गेली. कडेला काळं लागलं असेल, तर भरताना सैल राहिली. दुसऱ्या दिवशी हात आपोआप सुधारायचा. हैदराबाद तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण तिथं काय झालं ते तिला समजायचं.

सत्त्याण्णव साली अड्ड्याचे मालक शिवलिंगआप्पा यांनी पुठ्ठ्याची खोकी आणली. नव्या व्यापाऱ्याला तीच हवी होती. खोकी परत यायची नाहीत.

"आप्पा, माल कसा पोचला?"

"खराब निघाला तर फोन येतोय की."

"आन् न्हाई आला तर?"

"मंग बरा हाय."

"बरा म्हंजे केवढा बरा?"

आप्पा हसले. "तुला काय चिठ्ठी धाडू लागलेत का ते? भर बाई."

शेवटी तिनं ट्रकवाल्या आश्रुबाला गळ घातली. "हैदराबादहून माझं एक रिकामं खोकं घिऊन ये."

"कावून मावशी? चूल पेटवायला?"

"तू आण बाबा."

पाचव्या दिवशी आश्रुबानं खरंच आणलं. छबुबाई अड्ड्याच्या मागं एकटीच बसली आणि खोकं उघडलं. आत कागदाचे कपटे होते. ती तर खोक्यातही पालाच घालायची. खोकं दुसऱ्याच कुणाचं होतं.

"समदी सारखीच दिसत्यात की मावशी," आश्रुबा ओशाळला.

"असू दे. लई केलंस."

दुसऱ्या दिवशी फळांचा ढीग पुढं आला. फळाचे डोळे किती उघडलेत त्यावरून ते किती पिकलंय ते ओळखून ती झरझर भरायची, पण आज हात थबकला. नवख्या बायकांना ती सीताफळ दाबू द्यायची नाही, दाबलं की फळ काळं पडतं. आज कुणी बघत नाही असं पाहून तिनंच एक फळ अंगठ्यानं दाबलं. तरी हे हैदराबादला कसं पोचेल ते कळेना. मग पुढचं उचललं.