जपून चालवणारे गावडेकाका

"रॅली नको, ट्रॅकच घे," मी रसिकाला सांगत होते. विरार पूर्वेला चंदनसारला माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, रसिका माझ्याकडेच गाडी शिकली. तिचे वडील, गावडेकाका, एका कंपनीच्या साहेबांचे ड्रायव्हर म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. एकदा तरी मनासारखी जोरात गाडी चालवायची, एवढीच त्यांची हौस. लेक ती पुरवणार होती, एका दिवसाचं बुकिंग करून.

"दोन्हींत फरक काय, मॅडम?"

ट्रॅक म्हणजे बंदिस्त डांबरी रस्ता. समोरून कुणी येत नाही, तीच तीच वळणं, शेजारी इन्स्ट्रक्टर. रॅलीत कच्चा रस्ता, गाडी घसरते, शेजारचा माणूस पुढचं वळण ओरडून सांगतो. नवख्याने आधी ट्रॅकच घ्यावा.

"नवखा कोण?" तिच्या शेजारी बसलेले काका म्हणाले. "अख्खी नोकरी स्टिअरिंगवर गेली."

"गेली, पण साहेबांच्या हातातला चहा सांडू नये अशी. ट्रॅकवर ब्रेक करकचून दाबावा लागतो. जमेल?"

"साहेब उतरले आता. शिकवा."

माझ्या गाडीला ड्युअल कंट्रोल आहे, म्हणजे माझ्या पायाशीही क्लच आणि ब्रेक. रसिका मागे बसली. काकांनी गाडी फुलपाड्याच्या बाजूला घेतली. हात सुरेख होता, गिअर कधी बदलला ते कळतही नव्हतं. एका नाक्यावर डावीकडून रिक्षा आली. काका थांबले नाहीत. ब्रेक मी मारला.

"ही कुठून उगवली?" काका म्हणाले.

मला ती केव्हाची दिसत होती. शिकाऊ माणूस समोर संकट बघून गोठतो, ते मी रोज बघते. काका गोठले नव्हते. त्यांना रिक्षा दिसलीच नव्हती.

मी गाडी बाजूला घ्यायला लावली. "माझ्या नाकाकडे बघा. माझी बोटं दिसली की सांगा." त्यांच्या कानाच्या बाजूने बोटं हलवत हात हळूहळू पुढे आणला. हात जवळजवळ माझ्या तोंडासमोर आला, तेव्हा म्हणाले, "आता." दुसऱ्या बाजूनेही तेच.

"बाबा, मस्करी करताय ना?" मागून रसिका म्हणाली.

काका समोर बघतच म्हणाले, "साहेब म्हणायचे, गावडे, तू दिवसेंदिवस जास्तच जपून चालवतोस. मला वाटायचं, वय झालं."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो नजर कडेने खात येतो, समोरचं शेवटपर्यंत नीट दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने टिकवायची. गाडी चालवणं बंद.

दवाखान्यातून घरी मीच सोडलं, शिकवायच्या नव्हे, माझ्या घरच्या गाडीने. काका माझ्या शेजारी डावीकडे बसले. मी ब्रेक लावला की त्यांचाही उजवा पाय मॅटवर दाबला जायचा. रसिकाने ट्रॅकवाल्यांना विचारून ठेवलं होतं. "बाबा, त्यांचा ड्रायव्हर चालवेल, तुम्ही शेजारी बसा. तेवढाच वेग अनुभवाल."

"नको गं," काका म्हणाले. "दुसऱ्याच्या वेगानेच तर जन्म गेला."

रसिकाने बुकिंग रद्द केलं.

तेव्हापासून ट्रॅक की रॅली विचारायला कुणी आलं, की मी आधी डोळे तपासून यायला सांगते. नुसती बोर्डावरची अक्षरं नव्हे, कडेची नजरसुद्धा. लोकांना राग येतो. येऊ दे. आणि घरातलं कुणी हल्ली फार जपून चालवायला लागलं असेल, तर कौतुक मागाहून करा.