आठही बोलतात

इब्राहिमचाचा गाडीचं इंजिन ऐकायचे ते गाडीकडे पाठ करून. मालकाला इंजिन चालू करायला सांगायचे आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून, हात मागे बांधून, एसटीची वाट बघत असल्यासारखे उभे राहायचे. नवा मालक गोंधळून जायचा. मी विचारलं होतं, तर म्हणाले, "तोंड बघितलं की मानूस भुलतो रं. पाठमोरं ऐकलं की खरं काय ते कळतं."

चाचांना जाऊन दोन पावसाळे झाले. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड आहे. तिथे एकाच जातीच्या गाड्या यायच्या. जुन्या, कासवासारख्या पाठीच्या, इंजिन मागे असलेल्या बीटल. या गाडीत रेडिएटर नसतो. पंखा वारा मारतो आणि इंजिन त्यावरच थंड राहतं. कळंबच्या, खालापूरच्या बंगलेवाल्यांकडे अशा गाड्या होत्या, आणि त्या सगळ्यांचा हकीम एकच.

मी मूळचा वाशीमकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. रस्त्याच्या कामावर टोळीबरोबर इकडे आलो तेव्हा तिशी ओलांडली होती. काविळीने पडलो आणि टोळी मला ठेवून पुढे गेली. चाचांच्या शेडच्या वळचणीला बसलो होतो. चाचीने तीन आठवडे मऊ भात खाऊ घातला. ताकद आल्यावर चाचा म्हणाले, "आता जातोस कुठं? इथंच ऱ्हा." तेवढंच. माझं नाव-गाव त्यांनी नंतर विचारलं.

पहिल्याच दिवशी उपकार फेडायचे म्हणून मी पाण्याची बादली घेतली आणि रेडिएटर शोधत गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. चाचा बिडी विझवून शांतपणे बघत होते.

"झाली प्रदक्षिणा? आता नारळ फोड."

मग जवळ येऊन म्हणाले, "गजू, हिला पानी नाय लागत. हिला वारा लागतो, आनि कान लागतो."

कान कशाला, ते मला वर्षभराने कळलं. इंजिनात आठ व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर केसाएवढी फट ठेवावी लागते. त्या फटीमुळे टकटक होते, तिला आम्ही टॅपेट वाजणं म्हणतो. गिऱ्हाइकाला वाटतं, आवाज म्हणजे बिघाड. चाचांचं उलटं होतं. "कुरकुरनारा बरा. जो गप झाला ना, त्याची फट बुजली. तो आतल्या आत जळतो, आनि एक दिवस तुटतो." फट लावायला पातळ पट्ट्या मिळतात, पण चाचांनी त्या कधी वापरल्या नाहीत. पेच फिरवायचे, बोटाने हलवून बघायचे, झालं. "पट्टी मास्तराच्या हातात शोभते," म्हणायचे. मी शाळेत पट्टीच जास्त खाल्ली असल्यामुळे मला ते फार आवडायचं.

कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. मी हाक मारली तर चाचा दुसऱ्या हाकेला बघायचे, मग तिसऱ्या. चहावाल्याला "मोठ्यानं बोल ना, घसा बसला काय?" म्हणून झापायचे. आणि हळूहळू त्यांना सगळीच इंजिनं गप्प वाटायला लागली. गप्प म्हणजे फट बुजलेली. मग ते फट वाढवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायचे, पुन्हा वाढवायचे. खालापूरच्या एका साहेबांची गाडी शेडमधून निघाली ती डब्यात खिळे भरून हलवल्यासारखी वाजत.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, चाचा ठीक आहेत ना?"

"ठीक हायेत ना सायेब," मी म्हणालो.

त्यानंतर मी चोरून पट्ट्या आणल्या. हे काम इंजिन रात्रभर गार झाल्यावरच करता येतं, म्हणून मी सकाळी चाचांच्या आधी शेडमध्ये यायचो आणि त्यांनी लावलेली प्रत्येक फट मोजून परत लावायचो. ज्याने उभं केलं त्याच्याच कामात हात घालत होतो. भीती वाटायची. पण गाड्या बिघडल्या तर लोक येणार नाहीत, आणि लोक आले नाहीत तर चाचा काय करतील, याची भीती त्याहून मोठी होती.

चाचा काम संपलं की पेचावर लाल रंगाची बारीक रेघ ओढायचे. ती माझ्या लक्षात आली नाही. एका सकाळी त्यांनी झाकण उघडलं आणि रेघा तुटलेल्या बघितल्या.

"माझ्या मागं कोन हात घालतो रं?"

"मी, चाचा."

"कोन?"

"मी! टॅपेट फार वाजत होते!"

"काय वाजत व्हतं? काय पन वाजत नव्हतं."

मी हळू सांगायला बघत होतो. पण अशी गोष्ट हळू सांगता येत नाही. तिसऱ्या वेळी मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "चाचा, तुमाले ऐकू येऊन नाई राह्यलं!"

शेजारचा वेल्डिंगवाला थांबला. चहावाला थांबला. समोर रिक्षाची वाट बघणाऱ्या दोन बायांनी वळून बघितलं. चाचांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं. मग म्हणाले, "येऊन नाय राह्यलं म्हंजे? आलं का ऱ्हायलं? नीट मराठी बोल की रं." आणि आत जाऊन बसले. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतः माझ्या हातात पट्ट्या दिल्या. "तू लाव. मी बघतो." फट लावून झाली की ते नेहमीसारखे पाठ करून उभे राहायचे, पण आता मी त्यांच्या शेजारी, मीही पाठमोरा.

"सांग."

"टकटक, चाचा." त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचो.

"कसली टकटक? दारावरची का घड्याळातली?"

मला सांगता यायचं नाही. माझ्याकडे शब्दच किती! मग ते मला शोधायला लावायचे. सुपारी कातरल्यासारखी का? कोंबडी दाणे टिपते तशी? एकदा म्हणाले, "तुझी आई भाकरी थापते, तशी हाय?" आणि मला एकदम आठवेना, आईची भाकरी कशी वाजते. चार वर्षं गावी गेलो नव्हतो. मी आईला फोन लावला आणि फोन परातीजवळ ठेवायला सांगितलं. "बाप्पा! मोबाइल पिठात भरन ना!" आई म्हणाली, पण तिने थापून दाखवली. मी चाचांना सांगितलं, "नाही, भाकरी मऊ वाजते. हे तिच्यापेक्षा कोरडं." चाचा खूश झाले. "हां! आता बोललास."

अशी दोन वर्षं गेली. चाचांना कान नव्हता हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं, पण कुणी बोललं नाही.

भिसेगावच्या लिमयेबाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांची पांढरी बीटल त्यांच्या वडिलांची, आणि बाई तिला 'अण्णांची गाडी' म्हणूनच हाक मारायच्या. भाचीच्या लग्नाला लोणावळ्याला जायचं म्हणून त्यांनी गाडी आदल्या दिवशी आणून ठेवली. सकाळी गार इंजिनावर मी आठही फटी लावल्या. बाई जरीचं लुगडं नेसून आल्या. इंजिन चालू केलं, चांगलं तापू दिलं.

चाचा पाठ करून उभे. "सांग. आठही बोलतात?"

मी ऐकलं. टकटक होती. पण मध्ये एक जागा रिकामी वाटली. पायरी मोजताना एक चुकावी तशी. खरंच होती का माझ्या मनाची काळजी होती, कळेना. आणि आता इंजिन तापलं होतं. 'नाही' म्हटलं तर ते गार होईपर्यंत, म्हणजे उद्यापर्यंत थांबायचं. बाई घड्याळ बघत होत्या.

"काय रे गजानन, निघू ना? मुहूर्त गाठायचाय मला."

"हो चाचा," मी त्यांच्या कानात म्हणालो. "आठही बोलतात."

घाटात व्हॉल्व्ह तुटला. त्याने आतला पिस्टन फोडला, बाहेरचं कवच फोडलं, इंजिनात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. तिसऱ्या दिवशी टेंपोतून गाडी आली. लिमयेबाई पुढे चालकाशेजारी बसल्या होत्या. खाली उतरल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अण्णांनी हिला चाळीस वर्षं सांभाळलं हो."

वेल्डिंगवाला आला, चहावाला आला. चाचांनी इंजिनाचं झाकण उघडलं, आत हात घातला. तिसऱ्या नंबरच्या तुटलेल्या व्हॉल्व्हवर त्यांची बोटं थांबली. तिथली फट मी लावली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बोलायचं होतं.

बाईंनी विचारलं, "निघताना आवाजात काही नव्हतं का इब्राहिमभाई? कुणी ऐकलं होतं?"

प्रश्न चाचांना ऐकू आला नसणार. पण बाईंच्या तोंडाकडे बघून त्यांना कळला. ते माझ्या पुढे येऊन उभे राहिले.

"मी ऐकला व्हता, बाई," ते म्हणाले. "माज्या कानानं ऐकला. मीच बोललो, बरा हाय, जावा."

रस्त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही.