गौतमची काळी गोळी

गौतम गेल्याचं लातूरहून वहिनींनी फोनवर कळवलं, त्याला आता दीड महिना होतोय. फोन ठेवला आणि दुःखाच्या आधी वाटली ती सुटका... लिहायलाही लाज वाटते. पण त्याला सगळं सांगून झालं होतं, हेच पहिल्यांदा आठवलं.

तो जळकोटचा, मी केळीच्या अर्धापूरचा, म्हणून त्याच्या तोंडी 'केळीवाले'. नांदेडला एकाच प्रयोगशाळेत आमची पीएच.डी. चालू होती. त्याचं काम एका काळ्या चुंबकीय अर्धवाहकावर. नेहमीच्या तापमानाला त्यातून वीज जेमतेम जाते. "आत बारके बारके चुंबक हायेत," तो सांगायचा, "समदे तोंडं फिरवून बसलेले. इलेक्ट्रॉनला कुणी वाट देईना. गार केलं की एका दिशेला वळतात, अन् रस्ता मोकळा!" गारव्यासोबत चढत जाणारा विजेचा रोध मग एकदम उतरतो, पदार्थ धातूसारखा वागू लागतो. त्या उतारासाठी त्याचा जीव टांगलेला.

एकदा गावी जाताना त्यानं भट्टी माझ्यावर सोपवली. त्या पदार्थाची भाजलेली गोळी वीस तास आतच हळूहळू निवू द्यायची, तेवढ्या वेळात ती हवेतला प्राणवायू परत शोषून घेते. मला मुलगी बघायला जायचं होतं, पाचची गाडी गाठायची होती. भट्टी बंद करून उघडली, चिमट्यानं लालभडक गोळी विटेवर काढली आणि निघालो. त्या गोळीच्या रोधाचा आलेख नुसता चढतच गेला. सर सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "भट्टी सांभाळता येत नाही?" तो म्हणाला, "चुकलं, सर." मी शेजारीच उभा होतो. पुढं प्रबंधात त्यानं माझे आभार मानले, 'भट्टीकडे लक्ष दिल्याबद्दल'. त्या ओळीनं मला बावीस वर्षं जाळलं.

शेवटी लातूरला, त्याच्या खाटेजवळ बसून बोललो. तो खोकला येईपर्यंत हसला.

"केळीवाले, दुसऱ्या सकाळी परत आलो तेव्हाच भट्टीला हात लावला होता. गरम पायजे होती, तर गारढोण! तेवढं समजंना का मला?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघून राहिलो. लई उशीर लावलास गड्या... अन् आभार खरेच हायेत. तीच गोळी प्राणवायूत पुन्हा भाजली, हळू निवू दिली. आलेख खाली वळला की! प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण तुझ्या घाईचं हाय."

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी औषधाच्या बाटलीत ठेवलेली ती गोळी मला दिली. आता ती आमच्या फ्रीजरमध्ये असते. कधी बाहेर काढून लोहचुंबक जवळ नेतो, गार असते तोवर ती चटकन चिकटते. मग ऊब लागते, आणि थोड्या वेळात आपसूक सुटून माझ्या तळहातावर पडते.