कानातलं पंचिंग

गणपतमामा आज सकाळी गेला. शेवटचे काही महिने तो कैदेत होता, आणि त्याला कैदेत ठेवणारे आम्ही सगळे त्याच्यावर जीव टाकणारे होतो.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. चाकणजवळच्या गावचा. शेती भावांवर सोपवून कंपनीत लागला आणि सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये काढली. पत्रा कापणाऱ्या, ठोकणाऱ्या मशिनांमध्ये.

कान तिथेच राहिले.

मामी गेल्यावर तो मुलाकडे, नितीनकडे, थेरगावच्या फ्लॅटमध्ये राहायचा. आठवा मजला.

मामाला षोक एकच. जुन्या फॅशनचे कपडे. बेलबॉटम, हातभर कॉलरचे शर्ट, मोठ्या ठिपक्यांचे, शंकरपाळ्यांच्या डिझाइनचे. ज्या वयात हे घालायचं त्या वयात अंगावर कंपनीचा निळा युनिफॉर्म होता. रिटायर झाल्यावर त्याने हौस भागवली, तीही अगदी स्वस्तात.

डांगे चौकाजवळच्या बाजारात कमलबाई बसायची. आठवडाभर घरोघरी भांडी देऊन जुने कपडे घ्यायचे, रविवारी ते विकायचे, हा तिचा धंदा. मामा तिच्या ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून बसायचा.

एकदा हिंजवडीतला एक आयटीवाला मामाच्या हातातल्या शर्टाकडे बघून म्हणाला, "अंकल, विंटेज आहे हा. मला सोडता का?"

"काय म्हणतंय ते?" मामाने मला विचारलं.

मी ओठ मोठे हलवून सांगितलं, "जुना आहे म्हणतोय."

"मग मी काय शोरूममधनं आलोय?"

मग एका रविवारी मागून आलेला टेम्पो त्याला घासून गेला. हॉर्न त्याला ऐकूच आला नव्हता. खरचटण्यावर निभावलं. नितीनने लगेच दोन्ही कानांची नवी मशिनं आणली.

आम्हाला वाटलं, आता मामा खूश.

मामाला पापड खाता येईना. "दाताखाली पत्रा फाटतोय," म्हणायचा. नळ, मिक्सर, लिफ्टचं दार, नातीचं चिप्सचं पाकीट, सगळं सारख्याच जोराने डोक्यात. क्लिनिकमधली मुलगी म्हणाली, "काका, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. रोज घालत राहा."

तो काढून ठेवायचा.

पुढच्या तपासणीला तिने मशिनं कॉम्प्युटरला जोडली आणि ती किती वेळ कानात होती ते नितीनला दाखवलं. फारशी नव्हतीच. नितीनने अट घातली. मशीन घातलं तरच एकट्याने बाहेर जायचं.

"कंपनीत गेटवर पंचिंग व्हतं," मामा मला म्हणाला. "आता कानातबी आलं."

आणि त्यावर त्याने कंपनीतलाच उपाय काढला.

पूर्वी एखाद्याला उशीर होणार असला की त्याचा दोस्त त्याचं कार्ड पंच करून टाकायचा. त्याला प्रॉक्सी म्हणत. मामा मशिनं चालू करायचा, स्टीलच्या डबीत घालून टीव्हीमागे ठेवायचा आणि टोपी कानांवर ओढून मोकळ्या कानांनी बाजार गाठायचा. घरी मशिनांची हजेरी लागत राहायची.

तपासणीत शाबासकी मिळाली. "काका, छान प्रगती आहे."

बंद डबीत ठेवलं की असली मशिनं शिट्टी मारतात, हे त्याला माहीत नव्हतं. ती शिट्टी त्याला कशी ऐकू येणार?

सून अश्विनी कुकर बंद करायला दोनदा धावली. गॅसवर कुकर नव्हताच; शिट्टी टीव्हीमागून येत होती.

नितीन ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "पप्पा, पुन्हा टेम्पो आला तर?" एवढंच म्हणाला.

मामाने टोपी काढून खुंटीला अडकवली.

एकट्याने बाहेर जाणं बंद झालं.

एका रविवारी मीच त्याला मशिनं घालून बाजारात नेलं. भाजीवाल्यांचे स्पीकर, रिक्षा, बुलेट. प्रत्येक हॉर्नला त्याचे खांदे कानांपर्यंत जायचे. कमलबाईसमोर तो उभा राहिला. एक शर्ट उचलला, परत ठेवला.

"चल."

"का रे मामा?"

"आवाजात कापड दिसत न्हाई, पोरी."

त्यानंतर त्याने बाजाराचं नाव काढलं नाही. आठव्या मजल्याच्या गॅलरीत बसून राहायचा.

वाट कमलबाईने काढली. गाठोडं घेऊन सोसायटीच्या गेटवर आली. वॉचमन म्हणाला, "मावशी, विकणाऱ्यांना आत परवानगी नाही."

"मला कुठं आत यायचंय? तुमचा हिरो खाली पाठवा."

गेटच्या आत मामाला मशिनाशिवाय फिरायची मुभा होती. तो आत, ती बाहेर. ती गेटच्या गजांवर शर्ट टाकायची आणि आवाज न करता नुसते ओठ हलवून भाव सांगायची. मामा बोटांनी कमी करायचा. घासाघीस रंगायची, शब्द एकही नाही. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी कोणाच्या भेटीला आलंय.

नितीन हे वरून बघायचा.

गेल्या आठवड्यात न्यूमोनिया झाला. काल संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा. नितीनने मामाच्या कानात मशिनं घातली. वॉर्डातले बीप, ट्रॉल्या, शेजारचा खोकला.

"पप्पा, ऐकू येतंय का?"

मामाने कानाकडे बोट केलं. नितीनने मोबाइलवरून मशिनाचा आवाज वाढवला.

मामाचा चेहरा आवळला. त्याने हात कसाबसा उचलला, तळहात उपडा केला आणि हळूच खाली दाबला.

प्रेस शॉपमधली खूण. मशीन बंद कर. लहानपणी आम्ही दंगा केला की मामा हीच खूण करायचा. नितीनला ती माझ्याइतकीच माहीत.

त्याने मोबाइल खिशात टाकला. दोन्ही मशिनं काढली. मग मामाच्या नजरेसमोर वाकून, आवाज न करता, नुसत्या ओठांनी सावकाश बोलत राहिला. बराच वेळ.

मी बाजूला उभी होते. तो काय बोलला, मला कळलं नाही.

मामा म्हणाला, "व्हय."

आमचा सगळ्यांचा शेवटचा रामराम घे, मामा.