मुळांखालचं मीठ

मेहसाण्याजवळच्या रेताड शेतात एरंडाच्या वरंब्यांवर पांढरी साय धरली होती. तेलविहिरीतून तेलाबरोबर वर येणारं पाणी शुद्ध करून या शेतांना देण्याची योजना सुधीरने, माझ्या नवऱ्याने, उभी केली होती. त्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"साहेबांचं पाणी आता बंद करते, बेन," शेताची मालकीण हंसाबेन म्हणाली. "दीर रोज विचारतो, भाभी, यंदा एरंड की मिठागर?"

"पाणी किती देता?"

"भीतभीत. जेमतेम ओल येईल इतकंच."

मला हसू आलं. सुधीर हे जेवताना किती वेळा सांगायचा! शुद्ध केलेल्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. हात आखडून दिलेलं पाणी उन्हाने उडतं आणि मीठ वर साठतं. मोकळ्या हाताने दिलं, तर रेताड जमिनीत तेच पाणी मिठाला मुळांच्या खाली घेऊन जातं.

"बंद नका करू. एकदा भरपूर सोडा."

"पीक गेलं, तर जेवायला तुमच्याकडे येईन हं!" म्हणत तिने पाण्याच्या पाइपची चावी पूर्ण उघडली.

सरी तुडुंब भरल्या. मीठ नाहीसं होत नाही, फक्त मुळांना सोडून खोल जातं. शोकाशीही मी असंच हात आखडून वागत होते. कुणी सुधीरचं नाव काढलं, की एका वाक्यात उरकायचे.

"साहेब अजून काय म्हणायचे?" हंसाबेनने विचारलं.

मी बांधावर बसले आणि सांगू लागले. ऊन उतरलं, तरी माझं सांगणं चालूच होतं.